वऱ्हाडातील आखाडा आणि उनाड पोर

वऱ्हाडचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी निजामाच्या कर्जाचा, इंग्रजांच्या इजाऱ्याचा, कापसाच्या भावाचा आणि रेल्वेच्या रुळांचा हिशेब मोठ्या साक्षेपाने मांडला आहे. परंतु या साऱ्या उलथापालथीच्या काळात जो मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होता, ज्याच्या बापाचे शेत सावकाराकडे गहाण पडले होते किंवा ज्याला इंग्रजी शिक्षणासाठी म्हणून घरापासून उचलून अमरावतीच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत आणून ठेवले होते, त्याला आपला म्हणणारे पुढे कोण भेटले, याची नोंद सरकारी दप्तरांत फारशी आढळत नाही. ती नोंद पाहावयाची तर कचेऱ्यांकडे पाठ फिरवून तालमींच्या, छात्रालयांच्या आणि मंडळांच्या दाराशी जाऊन उभे राहिले पाहिजे. या दारांचा इतिहास मला या प्रांताच्या राजकीय इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो. कारण ज्या वयात मनुष्य घराला नकोसा आणि जगाला अजून अनोळखी असतो, त्या वयातल्या हजारो पोरांना या दारांनी आत घेतले आहे.

हे वय वऱ्हाडात विशेषच निराधार का झाले, याला कारणे आहेत. १८५३ साली हैदराबादच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने हा सुपीक मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला, १९०२ साली वार्षिक पंचवीस लक्ष रुपयांच्या खंडावर तो इंग्रजांना कायमच्या इजाऱ्याने मिळाला, आणि पुढल्याच वर्षी मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे पन्नास वर्षांत या प्रांताने धनी बदलले, कायदा बदलला आणि अखेर राजधानीही बदलली. त्यातच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर येथील कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ साली मुंबईची आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली, आणि ज्या गावांत आजवर बलुत्याचा व्यवहार चालत होता तेथे रोकड, गहाणखत आणि दिवाणी हुकूमनामा यांचा संचार सुरू झाला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, त्यांना हंगामापुरते हात हवे होते, आणि असे हात खेड्यांतून शहरांत येऊ लागले; हंगाम सरला म्हणजे त्यांतील मोठी माणसे गावी परतत, पण शहराची चटक लागलेली अल्पवयीन पोरे मात्र बाजाराच्या कडेने रेंगाळत राहत. १८९६-९७ चा आणि त्याहून भीषण असा १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला आपल्याकडे छप्पनचा दुष्काळ म्हणतात, यांनी किती घरे निर्वंश केली आणि किती मुले रस्त्यावर टाकली याचा विचार केला म्हणजे मन आजही विषण्ण होते.

सरकारला या मुलांची जाणीव नव्हती असे नाही. पण ती जाणीव बंदोबस्ताची होती. १८७६ चा आणि त्यानंतर १८९७ चा सुधारगृहांचा कायदा झाला, जबलपुरास मध्यप्रांताची सुधारशाळा चालू होती, आणि १९२८ साली मध्यप्रांताने मुलांविषयीचा स्वतंत्र कायदा व त्याच वर्षी बोर्स्टल कायदा करून नरसिंहपुरास तरुण कैद्यांची वेगळी संस्था चालविली. प्रौढ गुन्हेगारांपासून पोराला निराळे ठेवावे, त्याला सुतारकाम-शिवणकाम शिकवावे, हा त्यांतील हेतू निश्चितच सदय होता, आणि त्याचे श्रेय न देणे अन्यायाचे होईल. परंतु या व्यवस्थेचा सारा कणा मुदत हा होता. मुलगा अमुक वर्षांकरिता आत जाई, अमुक तारखेस सुटे, आणि ज्या दिवशी दरवाज्यावरील शिपाई त्याची नोंद बंद करी त्या दिवसापासून त्याची वाट पाहणारे या प्रांतात कोणी उरत नसे. अकोल्याचा पोर जबलपुराहून परत आला म्हणजे त्याच्या हाती कसब असे; पण त्याचा सांगाती मात्र कोणी नसे. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ज्या जातींवर जन्मतःच शिक्का मारला, त्यांच्या मुलांच्या वाट्याला तर सुधारणेची मुदतही आली नाही, केवळ हजेरी आली.

१९१४ साली अमरावतीस अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी जो हनुमान आखाडा काढला, आणि जो पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर विख्यात झाला, त्याची थोरवी या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. त्याच वर्षी जून महिन्यात लोकमान्य मंडालेहून सुटून आले होते. दादासाहेब खापर्ड्यांच्या अमरावतीत, जेथे १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, राजकारणाची धग चांगली जाणवत होती. आणि शरीरबलावाचून राष्ट्रबल नाही, हा विचार शाळकरी मुलांच्याही तोंडी झालेला होता. तेव्हा आखाडा निघाला यात नवल नव्हते. आखाडे त्या काळी गावोगाव निघत आणि म्होरक्याचा उत्साह ओसरला म्हणजे बंदही पडत. नवल आहे ते या गोष्टीचे, की हा आखाडा शंभर वर्षांहून अधिक टिकला, आणि टिकला तो एकट्या देशभक्तीच्या बळावर नव्हे, तर पोरांना धरून ठेवण्याच्या एका जुन्या शास्त्राला वैद्य बंधूंनी शिस्तबद्ध संस्थेचे रूप दिले म्हणून.

ते शास्त्र कोणते, हे ज्याने जुनी तालीम आतून पाहिली आहे त्याला ठाऊक असते. नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणी डाव शिकवीत नाही आणि उपदेश तर मुळीच करीत नाही. त्याच्या हाती कुदळ देतात आणि हौद्याची माती उकरावयास सांगतात. ती तांबडी माती चाळावयाची, तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मिसळून ती मऊ ठेवावयाची, पाणी शिंपावयाचे, देवापुढला दिवा लावावयाचा, मलखांबाला एरंडेल चोळावयाचे, ही कामे नव्यांकडे असत. आणि ज्या मातीसाठी आपण सकाळी घाम गाळला तिच्यात संध्याकाळी वडीलधारा मल्ल उतरतो हे पाहून, ज्या पोराला घरी ‘बिनकामाचा’ म्हणत त्याला आपण कुणाच्या तरी कामी आलो ही भावना आयुष्यात प्रथमच होत असे. त्यानंतर जोर, बैठका, मुद्गल, त्यानंतर लेझीम, मग लाठी, बोथाटी, फरीगदगा, दांडपट्टा, आणि पुरलेला, टांगता नि वेताचा असे मलखांबाचे तीन प्रकार. प्रत्येक पायरीवर पोराला शिकविणारा हा त्याच्याहून दोनच पायऱ्या पुढे असलेला दुसरा पोर असे. वस्ताद सगळ्यांना शिकवीत नाही; वस्ताद सगळ्यांकडे पाहतो. हा भेद मोठा मार्मिक आहे. शिकविण्याचे काम पोरांवर सोपवून वस्ताद मोकळा राही तो एवढ्यासाठी, की आज कोण आला नाही, कोणाच्या पाठीवर वळ आहेत, कोण जेवून आलेला नाही, हे त्याच्या नजरेतून सुटू नये.

‘काहून नाही आला बे काल?’ हा वऱ्हाडी वस्तादाचा प्रश्न. त्यात राग असे, दरारा असे, पण त्याखाली जे असे ते त्या पोराला दुसऱ्या कोणीच दिलेले नसे, म्हणजे आपल्या गैरहजेरीची कोणीतरी घेतलेली दखल. शाळेतही हजेरी असते आणि पोलिसचौकीतही असते. परंतु तेथे गैरहजर राहिलेला मुलगा दंडास पात्र होतो, आणि आखाड्यात गैरहजर राहिलेल्या मुलाची जोडी मोडते. जोडी हा तालमीचा आत्मा आहे. लाठीला समोर लाठी हवी, कुस्तीला समोर अंग हवे, मनोऱ्याला खालून खांदा हवा. एकटा पोर तेथे काहीच करू शकत नाही, आणि म्हणून त्याचे न येणे ही दुसऱ्या पोराची अडचण होते. ज्याचे कुणावाचून अडत नाही आणि ज्याच्यावाचून कुणाचे अडत नाही असा मुलगा वाममार्गाला लागण्यास फार वेळ लागत नाही, हे आपल्या पूर्वजांना कोणत्याही मानसशास्त्राच्या ग्रंथावाचून समजले होते.

हनुमान आखाड्याच्या दाराशी आलेल्या असंख्य पोरांपैकी एकाचे नाव सर्व हिंदुस्थानला परिचित आहे. शिवराम हरी राजगुरू, जन्म १९०८, गाव पुणे जिल्ह्यातील खेड. बाप लहानपणीच गेलेला, घरचा कारभार थोरल्या भावाकडे, आणि अभ्यासात, विशेषतः इंग्रजीत, या मुलाचे चित्त नाही. भावाने एके दिवशी अभ्यासावरून घरच्यांसमक्ष त्याचा पाणउतारा केला, तो जिव्हारी लागून पंधरा वर्षांच्या आतबाहेरचा हा मुलगा अंगावरच्या कपड्यांनिशी आणि खिशातल्या चार-दोन आण्यांनिशी घराबाहेर पडला, नाशिक करीत अखेर काशीस पोचला, आणि तेथे संस्कृत शिकू लागला. आज एखाद्या गावात असा मुलगा नाहीसा झाला तर आपण त्याला ‘पळून गेलेला’ म्हणू, आणि ते खोटे ठरणार नाही. या मुलाचे चंचल, अपमानित, कुठेच न स्थिरावलेले चित्त व्यायामाच्या ओढीने अमरावतीस आले आणि वैद्यांच्या आखाड्यात त्याने रीतसर शिक्षण घेतले. त्या शिक्षणाच्या जोरावर पुढे काशीत त्याला मुलांना व्यायाम शिकविण्याचे काम मिळाले, आणि तेथेच क्रांतिकारकांशी त्याचा संबंध आला. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासमवेत लाहोरच्या तुरुंगात तो फासावर गेला. त्याच्या हौतात्म्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि ते येथे करण्याचे प्रयोजन नाही. माझे लक्ष वेधते ते त्याच्या आयुष्यातील मधल्या, अप्रसिद्ध भागाकडे: घरात जो मुलगा नापास म्हणून हिणवला गेला, तो अमरावतीत काही काळ शिकतो आणि शिक्षक होऊन बाहेर पडतो. त्याला इंग्रजी आले नाही. पण त्याच्या ठायी जे होते ते पाहणारा कोणीतरी त्याला भेटला.

आखाड्याचा लौकिक पुढे वाढतच गेला. उन्हाळ्याच्या सुटीत तेथे जे वर्ग भरत त्यांना परप्रांतांतून शिक्षक येऊ लागले, बडोद्याच्या माणिकरावांनी व्यायामाचे जे कार्य गुजरातेत केले त्याच्या तोडीचे कार्य वऱ्हाडात उभे राहिले, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिक सामन्यांच्या निमित्ताने या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन मलखांब, लाठी, लेझीम आणि आपला हुतुतू यांची प्रात्यक्षिके परदेशीयांना दाखविली. जर्मनीच्या तत्कालीन सत्ताधीशाने पदक दिले ही गोष्ट मंडळाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. ज्या हाताने ते दिले त्या हाताने पुढे जगाचे काय केले हे आठवून मला त्या पदकाचे अप्रूप वाटत नाही. अप्रूप वाटते ते त्या प्रवासाचे, की कापसाच्या बाजारपेठेतील गल्लीबोळांतून आलेले तरुण समुद्रापलीकडे उभे राहून, आपल्या गावच्या मातीत शिकलेली विद्या ताठ मानेने दाखवीत होते.

पण आखाड्याची स्तुती करताना त्याच्या उंबरठ्याचाही विचार केला पाहिजे. कुस्ती म्हणजे अंगाला अंग भिडविणे. त्यामुळे जेथे खरी कुस्ती आहे तेथे शिवाशीव टिकूच शकत नाही, आणि म्हणूनच गावोगावच्या तालमींतून महार-मांगांच्या पोरांना बाहेर ठेवण्याची वृत्ती अधिक निष्ठुर वाटते. मुलींना तर त्या काळी मलखांबाच्या वाऱ्यालाही उभे राहता येत नसे. दोर-मलखांबावर चढणाऱ्या कन्या अमरावतीत आज दिसतात; त्यांच्या आज्यांनी तो दोर बहुधा विहिरीवरच पाहिला असेल. हा उंबरठा हटविण्याचे काम एकट्या आखाड्याने झाले नाही. पापळच्या शेतकरी कुटुंबात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेहून विद्वान होऊन परतले ते थेट या प्रश्नाला भिडले. १९२७ च्या सुमारास त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका छताखाली आणि एका पंक्तीत आणली. त्याच सुमारास अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभा राहिला, आणि १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूषविले. देवळाच्या पायरीवर जे भांडण जाहीरपणे चालले होते तेच छात्रालयाच्या ताटापाशी रोज दोन वेळ निमूटपणे सुटत होते. पंधरा वर्षांचा मुलगा सिद्धान्ताने बदलत नाही. शेजारच्या पाटावर कोण बसतो, रात्री दिव्याच्या एकाच उजेडात कोणाबरोबर वाचावे लागते, ताप आला म्हणजे पाणी कोण देतो, याने तो बदलतो. आणि जेथे सवर्णांची दारे मुळीच उघडली नाहीत, तेथे दलित वस्त्यांतील तरुणांनी समता सैनिक दलासारखी स्वतःची पथके उभी करून तीच शिस्त, तीच लाठी आणि तोच सांगात स्वतःच निर्माण केला. हा इतिहास वऱ्हाडच्या वस्त्यावस्त्यांत आजही अभिमानाने सांगितला जातो, आणि तो तसाच सांगितला पाहिजे.

खेड्यांत हे कार्य खंजिरीने केले. यावलीचा माणिक हा १९०९ साली जन्मलेला मुलगा तिसऱ्या-चौथ्या इयत्तेच्या पलीकडे शाळेत टिकला नाही, रानावनांत भटकत राहिला, आणि वरखेडच्या अडकोजी महाराजांच्या सहवासात त्याच्या भटकण्याला दिशा लाभली. हाच पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाला. स्वतः अशा अस्थिर बालपणातून आलेला पुरुष जेव्हा १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापतो आणि गावोगाव सेवामंडळे काढतो, तेव्हा त्या मंडळांच्या रचनेत त्याच्या बालपणाचा अनुभव उतरलेला दिसतो: पहाटेचे ध्यान, गावसफाई, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना, आणि प्रत्येकाच्या हाती काहीतरी, कोणाच्या खंजिरी, कोणाच्या झाडू, कोणाच्या टाळ. गाडगेबाबांचा झाडू यापूर्वीच वऱ्हाडाने पाहिलेला होता. या दोघांनीही तरुणाला आधी काम दिले आणि शब्द मागाहून दिले. १९३० च्या एप्रिलात अकोल्याजवळच्या दहीहांड्यास खारपाण पट्ट्यातील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला, त्या गर्दीतही हेच दिसते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या प्रांतात, ज्या खाऱ्या पाण्याला पिढ्यान् पिढ्या नावे ठेवली गेली तेच पाणी चुलाणावर उकळून देशकार्य होते हे पाहणाऱ्या पोराला आपणही या कार्यात कामाचे आहोत असे वाटल्यावाचून राहिले नसेल.

अकोल्याची म्हणून एक निराळीच प्रथा आहे, आणि तिचा विचार या संदर्भात फारसा कोणी केलेला नाही. श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्यातील मोहल्ल्यामोहल्ल्यांची मंडळे गांधीग्रामास पूर्णा नदीवर जातात, तेथून कावडीत पाणी भरून रातोरात पायी निघतात, आणि सकाळी शहरात येऊन राजराजेश्वराला त्या पाण्याचा अभिषेक करतात. अकोलेकर सांगतात, की १९४० च्या दशकात पाऊस रुसला असता काही तरुणांनी देवाला साकडे घालण्यासाठी प्रथम असे पाणी आणले, आणि त्यातून ही परंपरा रूढ झाली. सुमारे पाच कोसांची ही वाट. कावडीला बांधलेले भरणे शेकड्यांनी, आणि त्यांचे ओझे एवढे, की एका मंडळाची कावड उचलण्यास खांद्यांच्या पाळ्या लावाव्या लागतात. वर्षभर कोपऱ्यावर उभे राहून टिंगल करणारी, घरात बोलणी खाणारी जी पोरे असतात, तीच त्या रात्री अनवाणी चालताना दिसतात. कोणी पाणी वाटतो, कोणी सुजलेल्या पायांना तेल लावतो, कोणी दमलेल्याचा खांदा बदलतो. अलीकडे कर्णकर्कश वाद्यांचा गोंगाट आणि पुढाऱ्यांचे फलक यांनी या यात्रेचे रूप पुष्कळ बिघडविले आहे, हे मी दुःखाने म्हणतो, कारण ज्या आवाजात शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही त्यात खांदा कधी बदलावा हेही कळत नाही. तरी मूळ रचना शाबूत आहे. मात्र मंडळाचे अस्तित्व श्रावणापुरते आणि गणेशोत्सवापुरते राहिले, उरलेले दहा महिने त्या पोरांना विचारणारा कोणी नसला, तर ते मंडळ आखाड्याचे काम करू शकत नाही. ते दहा महिने अकोल्यात क्रीडांगणावर पाहावेत. वसंत देसाई क्रीडांगणाच्या परिसरात मुष्टियुद्धाचा जो सराव चालतो, त्यात जुन्या तालमीचे बरेच अवशेष आहेत. हातमोजे इंग्रजी आहेत, पण गैरहजेरीबद्दलचा प्रश्न तोच वऱ्हाडी आहे.

या सर्व दारांपासून जे शेवटपर्यंत दूर राहिले त्यांत फासेपारध्यांची मुले येतात. १८७१ च्या त्या कायद्याचे नाव १९५२ साली सरकारी पुस्तकातून निघाले, परंतु गावकऱ्यांच्या मनातून निघाले नाही. कोठे चोरी झाली की पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, छापा, बाप फरारी किंवा तुरुंगात, आई भटकंतीत, आणि मुले रेल्वेच्या फलाटांवर भीक मागत. अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चवाळा येथे मतीन भोसले या, याच समाजात जन्मलेल्या शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१२ साली अशा मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली, तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. लोकांकडून धान्य मागून, देणग्या गोळा करून ती चालली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत तिच्या काही इमारती आणि मुलांचे ग्रंथालय गेले, आणि पिढ्यान् पिढ्या हुसकावल्या गेलेल्या लोकांची मुले शाळेच्या अंगणातूनही हुसकावली गेली. तरी शाळा मोडली नाही. मला या प्रयत्नात जे विशेष वाटते ते हे, की येथे मार्गदर्शक बाहेरून आलेला नाही. जो पोर स्वतः पारध्याच्या पालात वाढला तोच आज त्या पोरांचा गुरुजी आहे, आणि आखाड्यात दोन पायऱ्या पुढे असलेल्या मुलाने मागच्याला शिकवावे हा जो जुना क्रम, तो येथे एका संपूर्ण जमातीच्या बाबतीत सुरू झालेला आहे.

अचलपूर तालुक्यात, परतवाड्यापासून जवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर नावाचे गाव आहे. तेथील बालगृहाला अंबादासपंत वैद्यांचे नाव दिलेले आहे. धोब्याच्या घरी जन्मलेले, एकेकाळी वृत्तपत्रांत लिहिणारे आणि गाडगेबाबांच्या विचाराने झपाटलेले शंकरबाबा पापळकर हे गृह चालवितात. रेल्वे स्थानकांवर, बसस्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेली, अंध, मूकबधिर, मतिमंद अशी शंभराहून अधिक मुले त्यांनी आपली म्हटली आहेत, आणि हे म्हणणे केवळ वाणीचे नाही: त्या मुलांच्या ओळखपत्रावर आणि शिधापत्रिकेवर वडिलांच्या रकान्यात शंकरबाबांचेच नाव आहे, आडनाव सर्वांचे पापळकर. या मुलांनी गृहाभोवतीच्या माळावर हजारो झाडे लावून वाढविली आहेत. त्यांच्यापैकी कितीक मुलींची लग्ने झाली, काहींना नोकऱ्या लागल्या, आणि अगदी अलीकडे तेथील एका अंध कन्येने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण करून सरकारी सेवेत प्रवेश मिळविला. २०२४ साली शासनाने शंकरबाबांना पद्मश्री दिली.

तरी त्यांचे सरकारशी एक भांडण आहे, आणि ते मुदतीचे आहे. आजच्या कायद्याप्रमाणे बालगृहातील मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला तेथे ठेवता येत नाही. २०१५ च्या अधिनियमाने अनुरक्षणाची जी सोय केली आहे ती सर्वसाधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंतची, आणि तीही जेथे असेल तेथे. डोळस, सुदृढ, हुशार मुलाच्या बाबतीतही अठरावे वर्ष हे घर सोडण्याचे वय आपल्या समाजात कधी नव्हते. आपल्या घरी असा मुलगा बापाच्या जेवणावर वाढतो, कॉलेजात जातो, नोकरी शोधतो, आणि कोणी त्याला बाहेर काढीत नाही. मग ज्याला जन्मतःच टाकून दिले, ज्याला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्यालाच अठराव्या वाढदिवशी दारापर्यंत पोचविणे हा कोणता न्याय, असा शंकरबाबांचा प्रश्न आहे. बालगृहे सोडल्यावर दरवर्षी देशातील किती मुले नाहीशी होतात याचा हिशेब मागत ते वर्षानुवर्षे मंत्रालयाच्या आणि दिल्लीच्या पायऱ्या चढत आले आहेत. अशा दिव्यांग, बेवारस मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच गृहात कायमचे राहू देणारा कायदा करा, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि पद्मश्री स्वीकारतानाही त्यांनी ती मागे घेतलेली नाही. वझ्झरला त्यांनी स्वतः ही मागणी मान्य होण्याची वाट पाहिली नाही. तेथील मुलांपैकी पुष्कळजण तिशीच्या पुढे गेले आहेत, आणि त्यांतील जे मोठे आहेत ते लहानांना अंघोळ घालतात, भरवतात, झाडांना पाणी घालतात.